निकष आधी, नावं नंतर : बीसीसीआयच्या घटनेतून पात्रतेचे निकष समजून घेऊया

पेट किंवा नेट झाली, मार्गदर्शक मिळाले, की पहिला सिनॉप्सिस लिहायला बसावं लागतं. त्यात एक मुद्दा जवळपास प्रत्येकाला अडवतो, तो म्हणजे 'इन्क्लुजन आणि एक्स्क्लुजन क्रायटेरिया'. साध्या मराठीत, अभ्यासात कोणाला घ्यायचं आणि कोणाला वगळायचं. बरेच जण जुन्या प्रबंधातून तीन-चार ओळी उचलतात. 'वय १८ ते ६०, लेखी संमती देणारे, गंभीर आजार नसलेले' वगैरे. मग सादरीकरणात कोणीतरी विचारतं, "१८च का? ६०च का? गंभीर म्हणजे नक्की किती गंभीर?" आणि उत्तर येत नाही.

पात्रतेचा निकष ही लिहायला अगदी छोटी आणि ठरवायला अवघड गोष्ट आहे. ती समजून घ्यायला आज आपण प्रयोगशाळेतलं उदाहरण न घेता सगळ्यांना ओळखीचं एक घेऊ. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या, म्हणजे बीसीसीआयच्या कार्यकारिणीत निवडून यायला कोण पात्र असतं? गेल्या पंधरा-सतरा वर्षांत या एका प्रश्नावर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले. निकष कसा बनतो, कुठे गळतो आणि कधी बदलला जातो, हे सगळं या एका प्रकरणात उघड दिसतं.

आधी संस्था समजून घेऊ

बीसीसीआय ही कंपनी नाही. ती १९२८ साली सुरू झालेली आणि तमिळनाडूच्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली सोसायटी आहे. कार्यालय मुंबईत वानखेडे स्टेडियमच्या आवारात आहे. उत्पन्न कितीही मोठं असलं, तरी या संस्थेला भागधारक नाहीत आणि कोणाला लाभांश मिळत नाही. इथे सत्ता शेअरवर चालत नाही, पदावर चालते. त्यामुळे 'पदावर कोण बसू शकतं' हा नियमच संस्थेतला सगळ्यात महत्त्वाचा नियम ठरतो.

कंपनीत संचालक नको असेल तर भागधारक शेअर विकून बाहेर पडू शकतो. सोसायटीत तशी सोय नसते. क्रिकेट खेळणारा मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या मंडळाकडे जाऊ शकत नाही, कारण भारतीय संघ निवडणारं मंडळ एकच आहे. म्हणून इथे पात्रतेच्या निकषांवर जास्त भार येतो.

एका वाक्याचा अपवाद

बीसीसीआयच्या जुन्या नियमांत एक कलम होतं, ६.२.४. त्याचा आशय असा, की मंडळाच्या कोणत्याही प्रशासकाचा मंडळाच्या सामन्यांत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष व्यावसायिक हितसंबंध नसावा. नियम स्वच्छ होता.

२००८च्या सुरुवातीला आयपीएलचे संघ विकले गेले. चेन्नईचा संघ इंडिया सिमेंट्स या कंपनीने घेतला. त्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक एन. श्रीनिवासन हे त्या वेळी मंडळाचे खजिनदार होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंडळाने ६.२.४ मध्ये दुरुस्ती केली. आयपीएल आणि चॅम्पियन्स लीग ट्वेंटी-२० या स्पर्धांना हा नियम लागू नाही, अशा अर्थाचा अपवाद त्यात घातला. मूळ नियम कागदावर तसाच राहिला, पण जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज होती, तेवढीच जागा त्यातून कापली गेली.

२०१३ मध्ये आयपीएलमधलं स्पॉट फिक्सिंगचं प्रकरण बाहेर आलं आणि क्रिकेट असोसिएशन ऑफ बिहारच्या याचिकेवरून सगळा विषय न्यायालयात गेला. २२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अपवाद रद्द केला. मंडळाच्या स्पर्धांमध्ये ज्याचा व्यावसायिक हितसंबंध आहे, त्याला मंडळाच्या कोणत्याही पदाची निवडणूक लढवता येणार नाही, असंही सांगितलं. त्याच निकालात माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली गेली. या समितीने ४ जानेवारी २०१६ रोजी अहवाल दिला आणि १८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने त्यातल्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या. पुढे ९ ऑगस्ट २०१८ रोजी, काही बदल करून, मंडळाची नवी घटना न्यायालयाने मंजूर केली.

निकषांची यादी

२०१८च्या घटनेनुसार मंडळाच्या अ‍ॅपेक्स कौन्सिलमध्ये नऊ जण असतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि खजिनदार हे पाच पदाधिकारी. सदस्य संघटनांनी निवडलेला एक. खेळाडूंच्या संघटनेकडून दोन, त्यात एक पुरुष आणि एक महिला. आणि देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, नेमलेला एक.

पदाधिकारी व्हायला कोण अपात्र, याची त्या घटनेतली यादी थोडक्यात अशी:

१. भारताचा नागरिक नसलेली व्यक्ती
२. वयाची ७० वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती
३. दिवाळखोर किंवा मानसिकदृष्ट्या अक्षम घोषित झालेली व्यक्ती
४. मंत्री, सरकारी नोकर किंवा सार्वजनिक पद धारण करणारी व्यक्ती
५. क्रिकेट सोडून दुसऱ्या कोणत्याही खेळाच्या संघटनेत पद असलेली व्यक्ती
६. बीसीसीआयमध्ये एकूण ९ वर्षं, किंवा राज्य संघटनेत एकूण ९ वर्षं पदाधिकारी राहिलेली व्यक्ती
७. ज्या व्यक्तीवर फौजदारी गुन्ह्यात न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत

याशिवाय कूलिंग ऑफचा वेगळा नियम आहे, त्याकडे पुढे येऊ. २०२२ मध्ये घटनेत काही बदल झाले, पण शिकण्यासाठी २०१८ची यादी सोपी पडते म्हणून तीच धरून चालू.

एक गोष्ट लक्षात आली का? या सातही ओळी 'कोण नको' हे सांगतात. 'कोण हवं' हे एकही सांगत नाही. क्रिकेट कळणारा, प्रामाणिक, हिशेब समजणारा माणूस हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही. ते ठरवणं मतदारांवर सोडलंय. संशोधनातही दोन्ही याद्या वेगळ्या लिहायच्या असतात, त्या याचसाठी. इन्क्लुजन म्हणजे तुमचा प्रश्न ज्यांच्याबद्दल आहे ते लोक. एक्स्क्लुजन म्हणजे त्यांच्यातलेच असे लोक, ज्यांना घेतल्यास उत्तर बिघडेल किंवा त्यांना स्वतःला धोका होईल. 'वय १८च्या वर' हे इन्क्लुजनमध्ये लिहून पुन्हा 'वय १८च्या खाली' हे एक्स्क्लुजनमध्ये लिहिणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं. सिनॉप्सिसमध्ये हे फार वेळा दिसतं.

प्रत्येक निकषामागे न मोजता येणारी एक गोष्ट असते

आता वयाचा निकष घ्या. लोढा समितीला खरं तर काय हवं होतं? त्याच त्या माणसांनी वर्षानुवर्षं खुर्ची अडवू नये, नव्यांना वाट मिळावी. पण 'खुर्ची अडवणं' मोजायचं कसं? त्यासाठी पट्टी नाही. वय मात्र जन्मदाखल्यावरून मोजता येतं. म्हणून न मोजता येणाऱ्या गोष्टीच्या जागी मोजता येणारी गोष्ट ठेवली. याला आपण 'प्रॉक्सी' म्हणतो आणि अशी जागा भरण्याला 'ऑपरेशनल डेफिनिशन', म्हणजे कार्यात्मक व्याख्या.

यादीतल्या इतर निकषांचंही तसंच आहे. 'सरकारचा दबाव नको' ही कल्पना आणि 'मंत्री नको' ही तिची प्रॉक्सी. 'लक्ष विभागलेलं नको' ही कल्पना, 'दुसऱ्या खेळाच्या संघटनेत पद नको' ही प्रॉक्सी. 'चारित्र्य' ही कल्पना, 'आरोप निश्चित झालेले नकोत' ही प्रॉक्सी.

कल्पना आणि प्रॉक्सी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक निकष दोन प्रकारच्या चुका करतो. एक, योग्य माणसाला बाहेर ठेवतो. दोन, अयोग्य माणसाला आत घेतो. ७१ वर्षांचा कामसू माणूस बाहेर राहतो, आणि ६५ वर्षांचा, तीन दशकं संघटना मुठीत ठेवलेला माणूस निदान या निकषातून तरी सुटतो. म्हणून त्याला पकडायला सहावा निकष, ९ वर्षांचा, वेगळा ठेवावा लागला.

आरोपांच्या निकषात ही ओढाताण जास्त स्पष्ट दिसते. 'आरोप निश्चित झाले' ही रेषा धरली तर पुढे निर्दोष सुटणारा माणूसही अडकतो. 'दोषी ठरला' ही रेषा धरली, तर खटला चालू असेपर्यंत सगळे पात्र राहतात, आणि आपल्याकडे खटले किती चालतात हे आपल्याला माहीत आहे. रेषा एका बाजूला सरकवली की एक चूक कमी होते आणि दुसरी वाढते. निदान चाचणीत 'कट-ऑफ' वर-खाली केल्यावर सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीचं जे होतं, अगदी तेच. दोन्ही चुका शून्य करणारा कट-ऑफ शोधत बसू नका. कोणती चूक जास्त महाग पडेल ते आधी ठरवा आणि ते कारण लिहून ठेवा. "६०च का?" या प्रश्नाचं उत्तर तेच असतं.

कधी मोजायचं?

वयाच्या निकषात अजून एक खाच आहे. वय अर्जाच्या दिवशी मोजायचं की पदावर असेपर्यंत? रॉजर बिन्नी ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयचे अध्यक्ष झाले तेव्हा ६७ वर्षांचे होते. निवडणूक लढवायला पूर्ण पात्र. १९ जुलै २०२५ रोजी त्यांना ७० वर्षं पूर्ण झाली. घटनेतला शब्द 'निवडून येण्यास अपात्र' असा नसून 'पदाधिकारी असण्यास अपात्र' अशा अर्थाचा आहे. म्हणजे निकष फक्त दारावर तपासायचा नाही, आत असेपर्यंत लागू आहे. त्यांनी पद सोडलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिथुन मन्हास अध्यक्ष झाले.

आपल्या भागातलं उदाहरण शरद पवारांचं. २०१६च्या निकालानंतर, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनचं अध्यक्षपद सोडलं. तेव्हा त्यांना ७६ वर्षं पूर्ण झाली होती. निकष आला तेव्हा ते आधीच पदावर होते. म्हणजे नवा निकष जुन्यांनाही लागू झाला.

तुमच्या अभ्यासात याचं रूप असं असतं. सुरुवातीला गरोदर नसलेली सहभागी तिसऱ्या महिन्यात गरोदर राहिली तर? तिला अभ्यासातून काढायचं, की फक्त औषध थांबवून पुढची माहिती घेत राहायचं? प्रवेशाचे निकष आणि मधून बाहेर पडण्याचे निकष वेगळे लिहायचे असतात. नाही लिहिले, तर ऐन वेळी निर्णय घ्यावा लागतो, आणि ऐन वेळच्या निर्णयात समोर दिसणारा माणूस किंवा समोर दिसणारा आकडा मध्ये येतो.

सलग की एकूण?

आता कूलिंग ऑफ. पदावर काही काळ राहिल्यावर सक्तीने तीन वर्षं बाहेर बसायचं, असा हा नियम. एक टर्म तीन वर्षांची. २०१६ ते २०२२ या काळात या नियमाची तीन रूपं झाली:

पहिलं रूप, २०१६ : प्रत्येक टर्मनंतर तीन वर्षं बाहेर.

दुसरं रूप, २०१८ : सलग दोन टर्मनंतर तीन वर्षं बाहेर. या दोन टर्म राज्य संघटनेतल्या असोत, बीसीसीआयमधल्या असोत, की एक इथली आणि एक तिथली असो.

तिसरं रूप, २०२२ : राज्यातल्या दोन आणि बीसीसीआयमधल्या दोन टर्म वेगवेगळ्या मोजायच्या. म्हणजे राज्यात सहा वर्षं आणि लगेच पुढे बीसीसीआयमध्ये सहा वर्षं, अशी सलग बारा वर्षं चालतील.

वाचताना फरक बारीक वाटतो. आता आकडे घालून बघू. समजा एक माणूस वर्ष ० ला राज्य संघटनेत निवडून आला आणि पुढेही प्रत्येक निवडणूक तो सहज जिंकेल. पहिल्या १२ वर्षांत तो किती वर्षं पदावर राहील?

पहिल्या रूपात : वर्ष ० ते ३ पदावर, ३ ते ६ बाहेर, ६ ते ९ पदावर, ९ ते १२ बाहेर. एकूण ६ वर्षं.

दुसऱ्या रूपात : ० ते ६ पदावर, ६ ते ९ बाहेर, ९ ते १२ पदावर. एकूण ९ वर्षं.

तिसऱ्या रूपात : ० ते ६ राज्यात, ६ ते १२ बीसीसीआयमध्ये. एकूण १२ वर्षं.

माणूस तोच, निवडणुका त्याच, कूलिंग ऑफही तीनच वर्षांचं. फक्त 'सलग' कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली आणि उत्तर ६ वरून दुप्पट, १२ झालं. म्हणून कोणताही निकष वाचताना एकक आधी विचारा. टर्म मोजतोय की वर्षं? सलग मोजतोय की एकूण? एका संस्थेतलं की सगळ्या संस्थांतलं मिळून? तुमच्या प्रोटोकॉलमध्ये 'गेल्या सहा महिन्यांत प्रतिजैविक घेतलेले वगळावेत' असं असेल, तर एक गोळी घेतलेला वगळायचा की पूर्ण कोर्स केलेला? डोळ्यात टाकायचे थेंब धरायचे का? हे आज लिहिलं नाही, तर नमुने गोळा करणारा प्रत्येक जण आपापला अर्थ लावेल.

मतदारांच्या बाबतीतही एककाचाच वाद झाला. बीसीसीआयमध्ये मत व्यक्तीला नसतं, सदस्य संघटनेला असतं. लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' सुचवलं. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत, गुजरातमध्येही गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा अशा तीन. एकक 'राज्य' धरलं तर प्रत्येक राज्याला एकच मत. एकक 'संघटना' धरलं तर तीन-तीन. एका बाजूला तोपर्यंत मत नसलेल्या राज्यांचा बरोबरीचा हक्क, दुसऱ्या बाजूला मुंबईसारख्या संघटनेचा क्रिकेटमधला इतिहास. २०१८ मध्ये न्यायालयाने या दोन्ही राज्यांतल्या तिन्ही संघटनांचं पूर्ण सदस्यत्व कायम ठेवलं.

निकष कधी बदलला?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वरच्या तीन रूपांपैकी कोणतं बरोबर, हे मी सांगणार नाही. तिन्हींच्या बाजूने युक्तिवाद आहेत. एका टर्मनंतर लगेच बाहेर काढलं तर कमावलेला अनुभव वाया जातो, हे म्हणणं २०१८ मध्ये न्यायालयाला पटलं. राज्य आणि राष्ट्रीय ही दोन वेगळी पातळी आहेत, हे म्हणणं २०२२ मध्ये पटलं. संशोधकाने इथे दुसरा प्रश्न विचारायचा असतो : बदल सुचवला गेला, तेव्हा त्याचा फायदा कोणाला होणार हे माहीत होतं का?

२३ ऑक्टोबर २०१९ रोजी सौरव गांगुली अध्यक्ष झाले आणि जय शाह सचिव. दोघेही त्याआधी अनेक वर्षं आपापल्या राज्य संघटनेत पदावर होते, गांगुली बंगालमध्ये आणि शाह गुजरातमध्ये. २०१८च्या नियमाने दोघांची सलग सहा वर्षं २०२०च्या मध्यावरच भरत होती. १ डिसेंबर २०१९ रोजी, म्हणजे निवडणुकीनंतर दीड महिन्याच्या आत, मुंबईतल्या वार्षिक सभेत मंडळाने घटनादुरुस्तीला मंजुरी दिली आणि ती घेऊन ते न्यायालयात गेले. प्रकरण प्रलंबित असताना दोघेही पदावर राहिले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायालयाने बदल मान्य केला. पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीत गांगुली पुन्हा अध्यक्ष झाले नाहीत, शाह सचिवपदी राहिले.

२००८ची दुरुस्ती आणि २०१९ची दुरुस्ती शेजारी ठेवून बघा. दोन्ही वेळा पदावरच्या लोकांची नावं माहीत असताना, त्यांना लागू होणारा निकष बदलायचं ठरलं. पण एक मोठा फरकही आहे. २००८ मध्ये मंडळाने स्वतःच दुरुस्ती केली आणि ती लगेच लागू झाली. २०१८च्या घटनेत मात्र कलम ४५ घातलं होतं. तीन चतुर्थांश बहुमताने दुरुस्ती मंजूर केली, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती लागू होणार नाही. त्यामुळे दुसऱ्या वेळी बदलाची कारणं एका बाहेरच्या, खुल्या मंचावर मांडावी लागली. उलट बाजूचं म्हणणं ऐकलं गेलं, आणि निर्णय कारणांसह लेखी आला. तो तुम्हाला पटो किंवा न पटो, वाचून तपासता येतो.

संशोधनात हाच धोका रोज असतो. तुम्ही ६० जणांचा डेटा गोळा केला. निष्कर्ष अगदी थोडक्यात हुकतोय. दोन सहभागींचे आकडे विचित्र आहेत. आता आठवतं, की या दोघांचं वजन जरा जास्तच होतं. मग 'बीएमआय ३५च्या वर असलेले वगळले' अशी एक ओळ पद्धतीच्या प्रकरणात येते. ती ओळ वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्यही असू शकते. पण ती नावं बघून आली आहे. वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही, आणि या अभ्यासावर विसंबून कोणी उपचार ठरवले तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

म्हणूनच अभ्यास आधी नोंदवायची पद्धत आली. भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, म्हणजे सीटीआरआय, २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध-चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची झाली. त्या नोंदीत इन्क्लुजन-एक्स्क्लुजनचे रकाने असतात. पहिला सहभागी येण्याआधी ते भरायचे, म्हणजे पुढे काय बदललं हे कोणालाही ताडून बघता येतं.

निकष बदलूच नयेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. काम सुरू झाल्यावर खऱ्या अडचणी कळतात. प्रोटोकॉल दुरुस्त करता येतो. पण त्यावर तारीख लागते, कारण लागतं आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते. म्हणजे ज्यांचा निकालात स्वार्थ नाही अशा कोणीतरी तो बदल बघितलेला असतो. बीसीसीआयच्या घटनेतलं कलम ४५ हे काम करतं. तुमच्या अभ्यासात ते काम नैतिकता समिती करते. तिच्याकडे 'अजून एक सहीचं लफडं' म्हणून बघत असाल, तर २००८चं ६.२.४ आठवा. तिथे बाहेरची सही लागत नव्हती, म्हणून चूक दुरुस्त व्हायला सहा वर्षांहून जास्त काळ आणि एक सर्वोच्च न्यायालयीन खटला लागला.

निकष लिहिताना स्वतःला विचारायचे प्रश्न

पुढच्या वेळी सिनॉप्सिसमध्ये निकष लिहाल, तेव्हा प्रत्येक ओळीपुढे हे सहा प्रश्न ठेवा.

एक : मला खरं काय हवं आहे, आणि मी मोजतोय काय? दोन्ही वेगळ्या ओळींत लिहा.

दोन : या निकषामुळे कोण चुकून बाहेर राहील आणि कोण चुकून आत येईल? कोणती चूक जास्त महाग आहे?

तीन : एकक काय? वर्षं, वेळा, सलग, एकूण, कुठलं कुठलं मिळून?

चार : कधी मोजायचं? फक्त सुरुवातीला, की शेवटपर्यंत?

पाच : कागदावर पुरावा काय? जन्मदाखला, रिपोर्ट, की सहभागीचं तोंडी उत्तर?

सहा : हा निकष बदलायचा झाला तर कोणाला विचारावं लागेल? उत्तर 'कोणालाच नाही' किंवा 'मलाच' असेल, तर आधी ते दुरुस्त करा.

सराव करायचा असेल तर

तुमच्या गावातल्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेची घटना मिळवा. वाचनालय, शिक्षण मंडळ, व्यायामशाळा, तुमच्या विषयाची अभ्यास-संघटना, काहीही चालेल. महाराष्ट्रातली अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. म्हणजे कोण कधी आत आलं आणि कोण कधी बाहेर गेलं, याचा माग निघू शकतो.

घटनेतून संचालक किंवा कार्यकारिणी सदस्य होण्याच्या अटी काढा आणि वरचे सहा प्रश्न लावा. मग बघा, 'सभासद होऊन तीन वर्षं झालेली हवीत' या अटीत ही तीन वर्षं अर्जाच्या तारखेपर्यंत मोजायची की निवडणुकीच्या? वर्गणी थकली असेल तर मधला काळ धरायचा का? घटनादुरुस्ती कोण करतं, आणि ती कोण तपासतं? एक संध्याकाळ पुरेल. त्यानंतर तुमच्या सिनॉप्सिसमधली 'वय १८ ते ६०' ही ओळ पुन्हा वाचा. बहुतेक तुम्ही ती खोडून नव्याने लिहाल, आणि या वेळी शेजारी कारणही लिहाल.